माझ्या झाडांतून सर्वांची सुटका

मी, खाली सही करणारा, पाणीपुरवठा खात्यातला निवृत्त कारकून, आज पूर्ण शुद्धीत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. हृदयाबद्दल डॉक्टरांनी जे सांगायचे ते सांगून झाले आहे, म्हणून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक पत्नीची, तिच्या पश्चात मुलीची. यात कोणी नाक खुपसू नये.

२. निवृत्तीनंतर मी तैलरंगात झाडे काढू लागलो. ब्रशने पान न् पान रंगवण्याचा धीर माझ्यात नव्हता. पॅलेट नाइफने, म्हणजे रंगाच्या बोथट सुरीने, गोळा उचलून थापला की खोड उभे राहते, पात्याची कड ओढली की डहाळ्या फुटतात. मला वेडच लागले. कोणाचे लग्न असो, नवे घर असो, मी झाड दिले. नको म्हणायची सोय कोणाला ठेवली नाही.

३. गेल्या हिवाळ्यात धाकट्या बहिणीकडे गेलो. बस लगेच मिळाली. दार अर्धवट उघडे होते आणि आत भाची ओरडत होती, “आई, मामीचा फोन होता, मामा निघालाय! झाड कुठंय?”

“कपाटामागे बघ. आधी धूळ पूस!”

“आणि खिळा?”

“कॅलेंडर काढ आणि तिथंच टांग!”

मी पाय न वाजवता जिना उतरलो. त्यांना सवड मिळावी म्हणून कोपऱ्यावर उभा राहिलो आणि मग जाऊन बेल वाजवली. झाड भिंतीवर होते, पण उलटे. मी मान खाली घालून चहा प्यालो.

बहिणीच्या नवऱ्याने हेच चित्र पहिल्यांदा पाहून “हा फ्लॉवर का?” असे विचारले होते. तेव्हापासून मी त्यांच्याशी तुटक वागलो. तो राग येथे मागे घेतो. माझे हातघड्याळ त्यांना द्यावे.

४. घरी येऊन बायकोला विचारले, “तू सगळीकडे आधी फोन करतेस?”

“करते,” ती भाजी निवडता निवडता म्हणाली. “अहो, चित्र काढताना तुम्ही शिट्टी वाजवता. नोकरीत कधी वाजवली होती?”

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे झाले. चित्रे वाईट, याची लाज त्या मानाने थोडी. अख्खे गणगोत माझ्यापायी स्टुलावर चढत होते, ती लाज अजून जात नाही.

५. सबब, ज्यांच्याकडे माझी झाडे आहेत त्यांनी ती बिनदिक्कत उतरवावीत. फ्रेम चांगल्या आहेत, त्यांत मुलांचे फोटो लावावेत.

६. माझ्या सुऱ्या भाचीला द्याव्यात. भिंतीतली खिळ्यांची भोके लांबी भरून बुजवायला त्यांच्यासारखे हत्यार नाही.

७. त्या दिवसानंतर मी रंग माळ्यावर टाकले होते. बायकोने ते स्वतः खाली काढून टेबलावर मांडले. एक झाड पुरे झाल्यावर मी म्हटले, “खरं सांग, आवडतं?”

तिने चष्मा लावून चित्र जवळून बघितले. “नाही,” म्हणाली. “पुढचं बघू.”

ते चित्र अजून ओले आहे. ते तिचे. तिने ठेवावे किंवा टाकावे. टाकताना कोणीही “अहो, त्यांची आठवण आहे” असे म्हणून तिचा हात धरू नये.

(सही)

वरील सही आम्हा दोघांच्या देखत झाली :
१. वरच्या मजल्यावरचे शिंपी (सही)
२. आमचे डॉक्टर (सही)

स्थळ : स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक : ४ फेब्रुवारी