होणाऱ्या व्याह्यांना दिलेली मात

नाशिकरोड,
फेब्रुवारी १९८१

आदरणीय कोंडाजीमामा यांस,

सविनय जय भीम. मामींचा गुडघा आता कसा आहे? इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत, म्हणजे रविवारपर्यंत होतो.

आमच्या रंजनासाठी निफाडच्या पुंजाजी गुरुजींचे स्थळ तुम्हीच आणलेत. साखरपुडा पुढच्या महिन्यात. अशात जिल्हा बुद्धिबळ स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत माझी गाठ नेमकी गुरुजींशीच पडली. (चिठ्ठ्या ज्याने काढल्या त्याचे भले होवो.) यशोदेने डबा देतानाच बजावले, "आपण मुलीकडचे आहोत. हरून या."

मलाही पटले. पण हरायचे तरी चारचौघांत शोभेल असे. काळी मोहरी वाट्याला आली, म्हणून सिसिलियन बचाव निवडला. त्यात काळ्याने जरा चूक केली की त्याचा निकाल लागतो, असे पुस्तकात आहे. ती चूक मी मन लावून करत होतो. घोड्यापायी हत्ती देऊन टाकला. गुरुजींनी तो शांतपणे घेतला आणि त्यांचाच राजा उघडा पडला! मग उंट पुढे केला (म्हटले, आता तरी सुटेन), तोही त्यांनी घेतला. वाचनालयात माणसे बाकांवर चढून बघू लागली. कोणीतरी म्हणाले, "लय भारी खेळतो हा कारकून!" मामा, तिथे माझी मती फिरली. पुढच्या चालीत मात दिसत होती. यशोदा आठवली, रंजना आठवली, तरी हात वजिराकडे गेलाच. गुरुजींनी हात मिळवला आणि चहासुद्धा न घेता एसटी स्टँड गाठले.

यशोदा बोलत नाही. रंजना "छान खेळलात, बाबा" म्हणाली आणि आत जाऊन रडली. ते फार लागले. तरी निफाडला जाऊन गुरुजींची समजूत काढावी, ही विनंती.

आपला भाचा,
सावळीराम

ता. क. जाऊ नका. पत्र टाकायला निघालो तर गुरुजीच दारात, हातात द्राक्षांची करंडी. साखरपुडा ठरल्याप्रमाणेच. (चहा राहिला तो एसटी चुकू नये म्हणून.) म्हणाले, "हत्ती घेतला की मी हरणार, हे ठाऊक होतं. पण पोरगी आमच्या घरी येणार. तिच्या बापाला चारचौघांत खाली मान घालायला कशी लावू?" यशोदेने डोळ्यांना पदर लावला. मलाही भरून आले.

ता. क. दुसरा. तरी निफाडला जाच. गुरुजींना सहज विचारा: हत्ती मुद्दाम घेतला, कबूल, पण उंट? (मी विचारतोय हे कळू देऊ नका. मीही हरायलाच बसलो होतो, हे तर मुळीच नको.) उंटाचा डाव त्यांना खरोखर दिसला नसेल, तर स्पर्धेत मिळालेली ढाल भिंतीवर लावतो. नाहीतर राहू दे फडताळातच.