क्लच कोणी जाळला?

३ फेब्रुवारी

चढावर गाडीनं दगा दिला. दुसऱ्या गिअरमध्ये होते. अॅक्सिलरेटर दाबला तर इंजिन नुसतं ओरडतंय आणि गाडी आपली रांगतेय! मागच्या टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवून वाजवून जीव नकोसा केला. शेवटी पहिल्या गिअरवर कशीबशी घरापर्यंत आणली. उतरले तर तो वास — जळक्या कागदाचा, थोडा रबराचा. ओळखीचा. ऑक्टोबरातला.

क्लच गेला. आणि कुणी घालवला तेही मला माहीत आहे.

५ फेब्रुवारी

प्रयोगशाळेत पाण्याचा नमुना आला की वहीत दोन रकाने भरायचे: निरीक्षण आणि निष्कर्ष. नव्या मुलांना वीस वर्षं सांगत आलेय, पहिला रकाना भरल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. परवा मी स्वतःच लावला. तर आता नीट.

पेडल जवळजवळ पूर्ण वर आल्याशिवाय गाडी हलत नाही. चढावर इंजिनचा आवाज वाढतो, वेग वाढत नाही. सपाटीवर ठीक. वास.

मग गाडीसोबत आलेलं पुस्तक बारा वर्षांत पहिल्यांदा उघडलं आणि त्यातली चाचणी केली. हँडब्रेक ओढायचा, तिसरा गिअर टाकायचा, जरासा अॅक्सिलरेटर देऊन क्लच सोडायचा. क्लच धड असेल तर इंजिन तिथल्या तिथे बंद पडतं. माझं चालूच! मनात सहापर्यंत मोजले, तेव्हा कुठे गचके खाऊन थांबलं. म्हणजे आतली प्लेट पकड घेत नाही, सरकते.

शेजारच्या वहिनी गॅलरीतून बघत होत्या. "काय हो, जागच्या जागी कुठे निघालात?" हसले. सुट्टीच्या अख्ख्या दिवसात कुणाशी झालेलं बोलणं तेवढंच.

६ फेब्रुवारी

लेकीचा फोन. रविवारचा, तीन मिनिटांचा. जेवलीस का — जेवले. थंडी आहे का — आहे. महिनाअखेरीला तिला जोडून चार दिवस सुट्टी आहे. "येशील?" विचारलं. "बघते गं." मैत्रिणींचं समुद्रावर जायचं चाललंय म्हणे.

गाडीचं सांगितलं नाही. तिला टोमणा वाटला असता. की मला टोमणाच मारायचा होता, म्हणून जीभ आवरली? नक्की सांगता येत नाही.

७ फेब्रुवारी

ऑक्टोबरचं एकदा सरळ लिहून काढते. दोन महिने ती माझ्याकडेच गाडी शिकत होती. स्टेशनकडून येताना याच चढावर तीनदा बंद पाडली. हाफ क्लचवर धरून ठेवायची, गाडी मागे घसरायची, पुन्हा धरायची. मागे रांग, हॉर्न. आणि तो वास. मी म्हणाले, "तुझ्या हातात दिली की वस्तू संपलीच म्हणून समजावं." हेच शब्द. सौम्य करून लिहीत नाही. मग गाडी मी घेतली आणि घरी आणली.

दोन आठवड्यांनी ती नोकरीच्या गावी गेली. रुजू व्हायला अजून महिना होता, तरी गेली. तेव्हापासून फिरकलेली नाही. तिचे बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच. आता सकाळी एकच कप विसळते.

बोलले ते कठोर होतं. खोटं नव्हतं. तेवढाच काय तो आधार आहे मला.

९ फेब्रुवारी

गाडी गॅरेजात नेली. सगळे त्यांना काका म्हणतात, मीही. साठीचे असतील. माणसाशी बोलतानासुद्धा बोनेटकडे बघतात.

"काका, क्लच प्लेट जळलीय. चाचणी केलीय मी."

"ताई, डॉक्टरकडे येताना औषध ठरवून येता का?" मग स्वतःच हसले. "आधी केबल बघू. केबल ताणलेली असली तरी प्लेट सरकते. उगाच पोट कशाला फाडायचं?"

केबल खरंच ताणलेली निघाली. सैल करून दिली. येताना चढ मजेत चढले. घरापाशी पोचून परत खाली गेले आणि पुन्हा चढले — काही काम नसताना!

१३ फेब्रुवारी

चार दिवसांचं सुख. आज पुन्हा सरकायला लागली.

भावाचा फोन होता. "विकून टाक ती गाडी. तुझ्यापेक्षा जास्त तीच कुरकुरते." मी म्हटलं, लेक आली तर स्टेशनवरून सामानासकट या चढावर कशी आणू? "येतेय का ती?" — "बघते म्हणाली." — "मग बघेल." — "आणि तू कधी येतोस?" — "बघतो."

घराण्यातलाच शब्द दिसतोय.

१६ फेब्रुवारी

अर्धा दिवस रजा टाकून गॅरेजात बसले. काका म्हणाले, "बसायची गरज नाही, संध्याकाळी या." मला बघायचं होतं. खरं तर मला पुरावा हवा होता.

गाडी वर उचलली. काकांनी गाडीखाली उभं राहून गिअरबॉक्स छातीशी धरून उतरवला, झोपलेलं मूल उचलून घेतात तसा. मग प्रेशर प्लेटचे बोल्ट सोडले आणि मधली प्लेट काढून माझ्या हातात दिली. ताटलीएवढी. वरचं अस्तर इतकं झिजलेलं की रिव्हेटच्या डोक्यांना बोट लागत होतं. काळी भुकटी हाताला लागली, साबणानं अजून गेलेली नाही.

"शिकाऊ माणसानं केलं असेल ना हे? दोन महिने हाफ क्लचवर?"

काकांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "शिकाऊ माणूस गाडी बंद पाडतो, गचके देतो. त्यानं चार आणे जळली असेल, नाही म्हणत नाही. पण हे ऐका." एक छोटं बेअरिंग हातात धरून फिरवलं. खरखर, खरखर. "पेडल दाबलं की हे कामाला लागतं. सोडलं की आराम. याला आराम मिळालेला नाही, ताई. हा वर्षानुवर्षांचा पाय आहे. गाडी चालवतं कोण?"

"मी."

"अजून कोण?"

"कुणी नाही."

काका पान्याकडे वळले. बरं केलं.

१७ फेब्रुवारी

प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग — तिन्ही नवी घातली. एकच बदलून चालत नाही. उरलेलं एखादं जुनं बिघडलं की एवढ्यासाठी पुन्हा गिअरबॉक्स उतरवा. मग काका शेजारी बसले आणि म्हणाले, चला, चक्कर मारू.

पेडल इतकं हलकं की पाय हवेत गेल्यासारखा वाटला. सपाट, सरळ रस्ता. चौथा गिअर. काका इंजिनाचा आवाज ऐकत बसलेले. मग एकदम म्हणाले, "ताई, डावा पाय कुठे आहे तुमचा?"

खाली पाहिलं. क्लचवर. दाबलेला नव्हता, नुसता ठेवलेला.

"मी दाबलेलं नाहीये काका!"

"तुम्हाला वाटतं तसं. पायाला वजन असतं ना? बाजूला एवढी जागा दिलीय पाय ठेवायला. कशाला बिचाऱ्याला छळता?"

"वेळेला तयार असावं म्हणून..."

"कसल्या वेळेला?"

पाय उचलून बाजूला घेतला. 

१८ फेब्रुवारी

सकाळी उजेडात पाहिलं. क्लचच्या पेडलवरचं रबर गुळगुळीत, एक रेघ शिल्लक नाही. बाजूची पाय ठेवायची जागा कोरी करकरीत, गाडी घेतली त्या दिवशी होती तशी. बारा वर्षं हे माझ्या पायाखाली होतं आणि मी ते वाचलं नाही. नमुने वाचून पोट भरते म्हणे!

ऑफिसला जाताना पाय बाजूला ठेवला. तीन मिनिटांत आपोआप क्लचवर आला. पुन्हा बाजूला. पुन्हा वर. येताना मोजलं: अकरा वेळा.

१९ फेब्रुवारी

म्हणजे बोलले ते खोटंही होतं. तिला कळवायलाच हवं.

पहिला मजकूर लांबलचक झाला. त्यात बेअरिंग, रिव्हेट सगळं आलं. खोडला. दुसऱ्यात "तुझाही थोडा वाटा आहे, पण" असं लिहून गेले. काका म्हणाले ते चार आणे! ते सोडवेनात माझ्याच्यानं. पुसले. तिसरा पाठवला: "गाडीचा क्लच बदलला. तू नव्हता जाळलास. वर्षानुवर्षं माझाच पाय त्यावर होता. त्या दिवशी मी तुला बोलले ते चूक होतं. माफ कर. सुट्टीत आलीस तर स्टेशनवर न्यायला येईन."

शेवटचं वाक्य नको होतं. माफीला पुढे मागणी जोडल्यासारखं झालं. पण गेलं.

२० फेब्रुवारी

वाचलाय. उत्तर नाही. रविवारचा फोनही नाही.

तिची खोली झाडली. चादर बदलली. मग वाटलं हे गृहीत धरणं झालं, म्हणून जुनीच परत घातली. मग पुन्हा नवी.

२१ फेब्रुवारी

पाय: चार वेळा.

२३ फेब्रुवारी

दुपारी तिचा फोन आला, ऑफिसातून, जेवणाच्या सुट्टीत. समुद्रावर जातेय म्हणाली. मग अजिबात न चिडता: "आई, क्लचचं मी केव्हाच विसरले गं. तू मला तिथे उतरवून निघून गेलीस."

घरी येऊन मागची पानं वाचली. ऑक्टोबरातली, मग या महिन्यातली. क्लचच्या वासाची नोंद आहे, वेळेसकट. हे कुठेच नाही.

आता लिहिते. तिला चढावर मध्येच खाली उतरवलं आणि गाडी घेऊन घरी आले. वळणापर्यंत ती आरशात दिसत होती. तिची पर्स आणि फोन मागच्या सीटवर राहिले होते. ती चालत आली, पाऊण तासानं. तोवर माझा चहा पिऊन झाला होता.