अप्पांचा एक शब्द

प्रिय अण्णा,

अप्पांचा ताप उतरलाय. परवाच त्यांना सोलापूरच्या दवाखान्यातून उमरग्याला घरी आणलं. अव्वा मात्र स्वतःच्या नवऱ्याच्या खोलीत तांब्या घेऊन जायलाही घाबरते.

तुला फोनवर नीट सांगता आलं नाही. लकवा मारल्यापासून त्यांच्या तोंडी एकच शब्द उरलाय, ‘नीरगं’. तो ना मराठी, ना आपल्या घरातलं कन्नड. पण कन्नडात नीरु म्हणजे पाणी, एवढं सगळ्यांनाच ठाऊक. “पाणी मागतायत गं,” म्हणत अव्वा दर वेळी पेला तोंडाला लावायची. ते मान फिरवायचे, तरी घोटभर पाजायचीच. ते पाणी फुफ्फुसात जात राहिलं आणि न्यूमोनिया झाला. “गिळायची ताकद गेलीय, पातळ काही देऊ नका,” असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा अव्वा तिथंच भिंतीला टेकून खाली बसली.

मी जुन्या लिडियन शिलालेखांवर काम करते म्हटलं की अप्पा दुकानात गिऱ्हाइकांसमोर हसायचे, “तुर्कस्तानात मेलेल्यांची भाषा शिकून ही बोलणार कुणाशी?” त्या भाषेतल्या कितीतरी शब्दांचा अर्थ अजून कुणालाच लागलेला नाही. शेजारच्या भाषेतला सारखा वाटणारा शब्द धरून अर्थ लावायला गेलं की फसायला होतं. म्हणून तो शब्द कुठं कुठं येतो, आजूबाजूला काय असतं, ते आधी बघायचं. अप्पांच्या उशाशी बसून मी तेच बघत राहिले. घसा सुकावा अशा भर दुपारी ते गप्प असतात. अव्वानं बाजाराची पिशवी उचलली, की “नीरगं.” मी चपला घातल्या, की “नीरगं.” तुझा फोन ठेवला, की “नीरगं, नीरगं,” आणि चांगल्या हातानं माझी ओढणी घट्ट धरतात. मला वाटतं ते म्हणतायत, जाऊ नका, मला भीती वाटते.

पण अण्णा, दगडावरच्या शब्दाचा अर्थ चुकला तर पुढचा कुणीतरी दुरुस्त करतो. इथं ‘ते पाणी मागत नाहीत’ असं मीच अव्वाला सांगितलंय. डॉक्टरांनी सांगितलेलं घट्टसर पेय चमच्यानं देते, तेवढंच. आणि ते खरंच तहानेनं तळमळत असतील तर? या विचारानं मी रात्री उठून त्यांचे ओठ कोरडे पडलेत का ते बघते.

बोलायला खोलीबाहेर जावं, तर मी उठले की त्यांचं सुरू होतं. म्हणून इथंच बसून लिहितेय, कागदाचा फोटो पाठवीन. गाव सोडण्याआधी तू वर्षानुवर्षं त्यांच्याबरोबर दुकानात बसलास, त्यांचं बोलणं माझ्यापेक्षा तुला कळतं. एकदा ये आणि स्वतःच्या कानांनी ऐक. मी चुकत असेन तर तोंडावर सांग. आणि बरोबर असेन तर, अण्णा, परतीचं तिकीट काढू नकोस.

वाट बघणारी, तुझीच
शिवांजली