सातव्या होलचा बंकर बुजवू नये म्हणून

मी, गुलाबराव आनंदराव जाचक, वय शहात्तर, केंद्र सरकारच्या बांधकाम खात्यातला निवृत्त अभियंता, राहणार वैशाली, गाझियाबाद, येत्या बुधवारी माझ्या हृदयावर शस्त्रक्रिया होणार असल्याने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवत आहे. पत्नी शेजारच्या खोलीत आहे, पण दार लोटलेलं आहे. मन ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गोल्फच्या मैदानावरचा माझा सातवा होल खेळलेल्यांना तो पुरेसा वाटणार नाही, त्याला माझा इलाज नाही.

वकील म्हणाले, "अंकल, हिंदी में लिख दो, आसान रहेगा." मी मराठीतच लिहीत आहे. मुलांना ते अक्षर लावत वाचावं लागेल, अडेल तिथे आईला विचारावं लागेल. तेवढ्या निमित्ताने तिघं एका खोलीत बसतील.

१. राहता फ्लॅट आणि त्यातलं सर्व सामान पत्नी कौशल्या हिचं. या कलमाला कसलीही अट नाही. माझ्याबरोबर राहून तिने पुरेशा अडथळ्यांतून वाट काढली आहे.

२. बँकेतल्या ठेवी चिरंजीव धीरज आणि कन्या अक्षया यांना समसमान. भांडू नये.

३. गोल्फचं किट मात्र अक्षयाला. धीरज रागावेल. तो मानेसरच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर आहे, मोबाइलवर अंतर मोजून खेळतो आणि सातव्या होलवर दर वेळी उजवीकडून जातो. कारण विचारलं तर म्हणाला, "बाबा, उगाच रिस्क कशाला, यार." अक्षया आयुष्यात दोनदाच खेळली. दोन्ही वेळा डावीकडून मारलं, दोन्ही वेळा चेंडू नाल्यात गेला. त्यावर तिने मला एवढंच विचारलं, "अजून एक चेंडू आहे का?" किट तिचंच.

४. आता सातव्या होलविषयी. आमच्या कर्मचारी क्लबचं नऊ होलचं, म्हणजे नऊ टप्प्यांचं मैदान मी आखलं. या होलच्या मधोमध, बऱ्यापैकी बसलेला फटका जिथे पडतो नेमका तिथे, मी वाळूचा खड्डा म्हणजे बंकर खणून घेतला. तेव्हाच्या साहेबांना त्या जागी फुलांचं घड्याळ हवं होतं. त्यांना मी माफ केलेलं नाही, हेही इथे नोंदवतो.

बंकर पाहून जो तो विचारतो, "बीच में क्यों?" मधोमध अशासाठी, की मारण्याआधी माणसाने जरा थांबावं. उजवीकडे रुंद, निर्धास्त जागा आहे; पण तिथून चेंडू घालायच्या खळीवरचा झेंडा उंचवट्याआड जातो आणि पुढचा फटका आंधळेपणाने मारावा लागतो. डावीकडे नाल्याकाठची चिंचोळी पट्टी आहे. ती साधली तर झेंड्याभोवतीची सगळी हिरवळ दार उघडल्यासारखी समोर येते. बंकर कोणाला अडवत नाही. तुला काय हवं आहे आणि त्यापायी काय घालवायची तयारी आहे, एवढंच तो विचारतो. नोकरीत मी रस्ते, पूल, क्वार्टर्स पुष्कळ बांधले. जीव मात्र या एका खड्ड्यात आहे.

५. शेजारच्या इमारतीतले श्री. सूर्यकांत वाघोलीकर, माझे जन्माचे सहकारी आणि सध्या क्लबचे अध्यक्ष, यांना मी काहीही देत नाही. दिवाळीच्या फराळाला, माझ्याच घरात, माझाच चिरोटा हातात धरून त्यांनी जाहीर केलं, की बंकर बुजवून तिथे कारंजं करायचं. तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. गृहस्थ सरळमार्गी आहेत. झेंडा दिसला की सरळ त्याच्याकडे मारतात, आणि दर रविवारी त्या वाळूत त्यांचं पानिपत होतं. खरं पानिपत इथून दोन तासांवर आहे, तिथवर जायची त्यांना गरज पडत नाही.

मार्चच्या सभेत मतदान आहे. सदस्यत्व वारसाकडे जात नाही, म्हणजे मी गेलो की बंकरच्या बाजूचं एकुलतं एक मतही गेलं. मला याचं फार वाईट वाटतं, शस्त्रक्रियेपेक्षा जास्त. सबब श्री. वाघोलीकरांना विनंती, की मत देण्यापूर्वी त्यांनी एकदा डावीकडून खेळून पाहावं. मग बुजवायचा तर खुशाल बुजवावा.

६. अस्थी गढमुक्तेश्वरला गंगेत सोडाव्यात. भावनेच्या भरात कोणी बंकरमध्ये टाकू नयेत. वाळूचा पोत बिघडतो.

७. साक्षीदाराला मजकूर कळायला हवा, असा वकिलांचा आग्रह. आमच्या सोसायटीत मराठी वाचणारं दुसरं घर वाघोलीकरांचंच, म्हणून नाइलाजाने नवरा-बायकोला बोलावलं आहे. सूर्यकांत वाचणार नाहीत. त्यांनी कुठलाही कागद शेवटपर्यंत वाचलेला मी पाहिलेला नाही. सही कुठे करायची ते विचारतील, करतील आणि जातील. कलम ५ त्यांना माझ्यामागेच कळेल, तेव्हा वाद घालायला मी नसेन.

याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. हे स्वतःच्या हाताने लिहिलं, पुन्हा वाचलं, आणि साक्षीदारांसमोर सही करत आहे.

गाझियाबाद, शुक्रवार, १० जानेवारी २०२५
(सही) गुलाबराव आनंदराव जाचक

साक्षीदार:

१. (सही) सौ. अलकनंदा वाघोलीकर
सही माझ्यासमोर झाली. मजकूर मी ह्यांना समोर बसवून मोठ्याने वाचून दाखवला.

२. (सही) सूर्यकांत वाघोलीकर
सही माझ्यासमोर झाली. गुलाबराव, कलम ५ ऐकलं. त्यासाठी तुझ्या मरणाची वाट कशाला बघायची? परवा रविवारी धुकं निवळलं की वहिनींना घेऊन ये. तू खुर्ची टाकून बस, मी डावीकडून मारतो. चेंडू जास्तीचे आण.