बत्तीस फुटांवरचा गेरू

श्रीरामपूर
सोमवार, ३ मार्च २०२५

ति. आण्णांना सविताचा शि. सा. न. वि. वि.

इकडे मी बरी आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं, पण माझं डोकं ठिकाणावर नाही. आमच्या भूगोलाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि हेडसरांनी नववीचा उजळणी वर्ग माझ्या गळ्यात मारला. मी मराठीची एम.ए., त्यात तासिकेवरची, मग नाही म्हणणार कोण? मुलांचं पार सहावीपासूनचं कच्चं आहे. खडकांचे प्रकार विचारले तर एकीनं लहान, मोठे आणि मधले असे सांगितले. मी हसले, पण मला तरी कुठं येतंय? अग्निजन्य, स्तरित, रूपांतरित अशी नावं फळ्यावर लिहिते आणि पुढचं वाक्य पुस्तकात बघून वाचते. मुलांच्या ते लगेच लक्षात येतं.

तुम्ही पस्तीस वर्षं विहिरी खोदल्यात. जमिनीखाली काय काय लागतं ते क्रमानं लिहून पाठवा. फोनवर विचारलं असतं, पण सुरुंगांनी तुमचे कान नेले. मी ओरडून विचारायला लागले तर आमच्या अख्ख्या गल्लीची उजळणी होईल.

आता दुसरं. आई म्हणाली, तुम्ही आसारामकाकांच्या मळ्यातली विहीर धरलीय आणि रोज आत उतरता. दिवाळीत माझ्यासमोर कबूल केलं होतंत की आता उतरणं बंद. एकसष्ट सरली, आण्णा. काठावर बसा, हवे तेवढे हुकूम सोडा, पण आत उतरू नका. मला वर्गात उभं राहून तेच दिसत राहतं.

आईला नमस्कार. उत्तर आणि माया, दोन्हीला उशीर नको.

आपली,
सविता


मु. भोकरवस्ती, ता. पाथर्डी
रविवार, ९ मार्च

चि. सवितास अ. उ. आ. वि. वि.

पत्र पोचलं. एवढी एम.ए. झालीस आणि शेवटी सातवी पास बापाकडे शिकवणी लावलीस, हे वाचून बरं वाटलं. तुझ्या आईला वाचून दाखवलं, तर तिनं शेजारच्या चांगुणाला बोलावून मला परत वाचायला लावलं.

क्रम असा. वर हात-दीड हात माती. मग मुरूम, तो टिकावानं निघतो. मग मांजऱ्या. त्या दगडाला भोकं असतात आणि भोकांत पांढऱ्या गारा बसलेल्या असतात. मग काळा पाषाण. तिथं टिकाव नाचतो, सुरुंगाशिवाय भागत नाही. आसारामच्या विहिरीत काळा पाषाण संपल्यावर बत्तीस फुटांवर गेरू लागला. लालभडक माती, चार फूट जाडीची, विहिरीला गोल पट्टा असावा तशी. खाली पुन्हा काळा पाषाण. आता आम्ही पंचेचाळीस फुटांवर आहोत आणि तळाला ओल दिसायला लागलीय.

पस्तीस वर्षं हा गेरू बघतोय. पण दगडाच्या पोटात माती कुणी भरली, ते मला अजून कुणी सांगितलं नाही. पुस्तकात असेल तर कळव. प्रत्येकाचा एकेक ढेकूळ डब्यात घालून आपल्या भागवतच्या टेम्पोबरोबर पाठवतोय. डबा परत पाठव, आईचा आहे.

उतरण्याचं म्हणशील तर मी नुसता बघायला उतरतो. सुरुंगाची भोकं कुठं घ्यायची हे सहादेवला अजून नीट कळत नाही. पोरगं कामाला चांगलं आहे, घाई फार करतं. तू काळजी करू नये.

तुझ्या वाटची माया पोचती केली आहे, मोजून घे.

तुझा,
आण्णा


श्रीरामपूर
रविवार, १६ मार्च

ति. आण्णांना शि. सा. न. वि. वि.

डबा मिळाला. पहिल्यांदाच पुस्तक न उघडता तास घेतला. दगड हातोहात फिरले, मांजऱ्याच्या भोकांत मुलांनी पेन्सिली घालून बघितल्या. तुमच्या प्रश्नाचं उत्तरही सापडलं. आपल्याकडचा काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा. तो एकदाच नाही आला, थरावर थर आला. दोन थरांमध्ये कधी कधी हजारो वर्षं गेली. तेवढ्यात उन्हापावसानं खालच्या दगडाच्या वरच्या भागाची माती झाली. मग पुढचा लाव्हा त्या मातीवर पसरला आणि ती विटेसारखी भाजून लाल झाली. म्हणजे तुमचा गेरू ही कधीकाळची उघडी जमीन आहे. तिच्यावर पाऊस पडलेला आहे.

पण त्यानंतर जे झालं त्यानं मी बेचैन आहे. मुलांना फरक दिसावा म्हणून दोन ग्लासांत पाणी घेतलं. एकात काळा दगड टाकला, दुसऱ्यात गेरू. तास संपेपर्यंत काळा होता तसाच होता. गेरू फुगला, त्याला चिरा पडल्या आणि त्याचा चिखल झाला. मोनिका नावाची मुलगी आहे, फारशी बोलत नाही. तिनं विचारलं, बाई, मग विहिरीत हा पट्टा भिजला तर त्याच्यावरचा काळा दगड कशावर उभा राहणार? मी फळा पुसत राहिले.

तळाला ओल आहे असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे बाजूच्या दगडातून पाणी झिरपायला लागलंय. तुम्ही पंचेचाळीस फुटांवर आणि तो पट्टा तुमच्या डोक्यावर. आधी गेरूला दगड-सिमेंटचं कडं बांधून घ्या, मग पुढं खोदा. ते होईपर्यंत तुम्ही आत उतरायचं नाही. तुम्हाला माझ्या गळ्याची शपथ आहे.

रागावलात तरी चालेल. मात्र रागवायला तुम्ही वर हवे आहात.

आपली,
सविता


भोकरवस्ती
शुक्रवार, २१ मार्च

चि. सवितास अ. आ.

शपथा असल्या पत्रातून घालतात का? वाचून तुझ्या आईनं देवापुढं ठेवलं ते पत्र, त्यामुळं आता मला काही बोलताही येईना.

तू लिहिलंस ते आसारामला सांगितलं. बादलीत गेरू भिजवून दाखवला. तो म्हणाला, आधी पाणी, मग बांधकाम. पाण्याआधी कडं बांधलं तर पाणी रुसतं. हे मीच त्याच्या बापाला सांगितलेलं आहे. पस्तीस वर्षांत एकाही विहिरीला पाण्याआधी दगड लावला नाही मी. आता कोणत्या तोंडानं भांडू? बाकीचे हसले. यारीवर बसून बादल्या ओढणारा वाल्मिक माझ्या कानाशी ओरडून म्हणाला, या भिमाजीबाबाची मास्तरीण विहिरीत शाळा भरवणार.

तर तुझं ऐकलं. मंगळवारपासून घरी बसलोय. माझ्या जागी सहादेव भोकं घेतो. चांगुणाचाच मुलगा तो, तुला आठवत असेल. त्याची बायको पोटुशी आहे. तुझी आई खूष आहे, दिवसाला चार वेळा चहा करते. मला मात्र ओट्यावर बसवत नाही. कानांना सुरुंग ऐकू येत नाही, पण तळपायाला कळतो. बार उडाला की मी पाय वर घेतो, मग परत खाली ठेवतो आणि पुढच्याची वाट बघतो.

तुझं समाधान झालं असेल, तर तेवढं कळव. आशीर्वाद आहेतच, रागात दिलेलेही चालतात.

तुझा,
आण्णा


श्रीरामपूर
बुधवार, २६ मार्च

ति. आण्णांना शि. सा. न. वि. वि.

तुम्ही वर आलात हे वाचून मी स्टाफरूममध्ये रडले आणि सगळ्यांना पेढे दिले. हे आधी लिहिते, कारण पुढचं लिहिताना मला माझीच लाज वाटतेय.

काल उजळणीचे पेपर तपासले. दोन थरांमधला गेरू भिजल्यास काय होईल, असा प्रश्न घातला होता. एक्केचाळीस मुलांनी बरोबर लिहिलंय. खाली कोणी असल्यास त्यांना आधी वर काढावे, असंही मोनिकानं लिहिलंय. कोणी म्हणजे कोणीही. मी तिला पूर्ण गुण दिले, आणि मग लक्षात आलं की मी फक्त माझ्या बापाला वर काढलं. तुमच्या जागी कोण उतरेल हा विचार मला शिवलासुद्धा नाही. सहादेवचं नाव तुमच्या पत्रात मी वाचलं आणि सरळ पुढं गेले. त्याच्या लग्नात मी जेवून आलेय.

आईला फोन करून म्हटलं, आण्णांना सांग, विहिरीवर जा आणि काम थांबवा. ती म्हणाली, “माझा मानूस घरात हाय. बाकीचं मला सांगू नगं.” आणि फोन ठेवला. तिचा राग येत नाही, आठवडाभर मीही तेच म्हणत होते. म्हणून हे पत्र भागवतच्या हाती देतेय.

मी शपथ मागं घेते, आण्णा. पुस्तकातलं कोणी ऐकणार नाही, तुमचं ऐकतील. तुम्हीच घालून दिलेली रीत आहे, ती मोडायचा मानही तुमचाच. जा तुम्ही. काय करायचं ते तुम्हाला कळेल. मला भीती वाटतेय ती वाटू दे.

आपल्या मायेवर माझ्याइतकाच सहादेवचाही हक्क आहे असं समजा.

सविता


भोकरवस्ती
सोमवार, ३१ मार्च

चि. सवितास अनेक, अनेक आशीर्वाद. वि. वि.

भागवतनं पत्र शुक्रवारी दिलं. त्याला उशीर झाला म्हणून त्याच्यावर ओरडू नकोस. मी बुधवारीच गेलो होतो.

सकाळी ओट्यावर होतो. चांगुणा सहादेवची भाकरी घेऊन मळ्याकडं निघाली. जाताना मला काहीतरी म्हणाली, काय ते ऐकू आलं नाही. बहुतेक चहा झाला का एवढंच असेल. पण तिच्या तोंडाकडं बघवेना. तिच्या मागोमाग गेलो. काठावरून सांगितलं असतं तर पुन्हा हसले असते, म्हणून दोर धरून थेट तळाला उतरलो आणि मधोमध मांडी घालून बसलो. म्हणालो, आता करा सुरुंग. माणूस बसलेला असताना बार कसा करणार? सहादेव आधी हसला, मग चिडला, मग माझ्याशेजारी येऊन बसला. मी त्याला मान वर करून गेरू बघायला लावला. आठ दिवसांत तो ओलसर काळपट झाला होता, पाषाणाच्या कडेखाली बोटभर फट पडली होती. दुपारपर्यंत आसारामनं वरून नाही नाही ते ऐकवलं. ते मला ऐकू आलं नाही हा एक फायदा. शेवटी त्यानं दगड आणि सिमेंट मागवलं, तेव्हा आम्ही दोघं वर आलो.

गुरुवारपासून कडं बांधतायत. पाडव्याची सुट्टी काल झाली, आज पुन्हा काम आहे. दरड काही पडली नाही. त्यामुळं म्हाताऱ्यानं उगाच खर्चात घातलं असं आसाराम गावभर सांगतो, आणि पुढच्या विहिरीला दुसरा मिस्त्री बघणार आहे. न पडलेली दरड कोणाला दाखवायची? मला दाखवायची नाही. सहादेव संध्याकाळी भाकरीचं फडकं खांद्यावर टाकून दारावरून जातो, तेवढं मी बघतो. तुझी आई बोलत नाही, पण आज चहा दिला.

आता तुझ्याकडं एक काम आहे. तुझी शपथ माझ्यावर होती आणि मी विहिरीत उतरलो. तू ती मागं घेतलीस, पण तुझ्या पत्रावर तारीख आहे, वेळ नाही. मी बुधवारी नऊच्या सुमारास दोराला हात घातला. तू ते सकाळी लिहिलं असशील तर प्रश्नच मिटला. नंतर लिहिलं असशील तर मला सांगू नकोस. असल्या गोष्टी मी मानत नाही, पण चार दिवस घास उतरत नाही.

तुझी तब्येत ठीक आहे, एवढं एका ओळीत उलट टपाली कळव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

तुझा,
आण्णा