दोन उन्हं

९ मार्च

ती. दादास,

धाकटीचा नमस्कार. वहिनींनाही सांग. तुझं पत्र पोचलं, आणि पाठोपाठ गिरणी बघायला तू पाठवलेले गृहस्थही आले.

इकडे ठीक आहे. नवं धान्य बाजारात आलंय, त्यामुळे आमची डाळीची गिरणी सकाळपासून धडधडते. ज्याला त्याला सालं काढलेली डाळ हवी. टरफलं डोळ्यांत, केसांत, चहात. शेजारच्या शिंपीणबाई म्हणाल्या, "तुमच्याकडचा चहा प्यायचा नाही, चावायचा!"

मागे लिहिलं होतं ना, यांना जरा कमी ऐकू येतं म्हणून? जरा नाही, दादा. आता काहीच येत नाही. इतकी वर्षं त्या धडधडीत काढली, डॉक्टरांनीही हात टेकले. पण हे कुणाला कळू देत नाहीत. गिऱ्हाइकाच्या ओठांकडे बघतात आणि अंदाजाने उत्तर ठोकून देतात.

तर ते गृहस्थ आले. मी तुरीचे दाणे उन्हात पसरत होते. त्यांनी थेट यांनाच विचारलं, "काय मालक, विकणार का?"

"वाळवणार तर! तेलाचा हात लावून दोन उन्हं दिल्याशिवाय सालं सुटत नाहीत."

"अहो, विकणार का?"

"वाळवणार म्हटलं ना! बहिरे आहात का?"

मला हसूच फुटलं. ते गृहस्थही हसले. मग यांना खरंच ऐकू येत नाही हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी हसू आवरलं. यांनी आमच्या तोंडांकडे पाहिलं. इतका पडलेला चेहरा मी यांचा कधी पाहिला नव्हता.

मग मी खुणांनी सगळं समजावलं. गिरणी विकून आम्ही तुझ्याकडे राहायला यायचं, असं तू ठरवलंयस म्हणून. हे दाण्यांच्या ढिगाशी जाऊन बसले. दाणे चाळवता चाळवता म्हणाले, "तुझं काय म्हणणं आहे?" लग्नानंतर पहिल्यांदा विचारलं, दादा.

एक गोष्ट तुला कळवली नव्हती. गेल्या महिन्यात दाण्यांबरोबर लोखंडी नट आत गेला. गिरणी नुसती किंचाळत होती. यांना वाटलं, बंद पडली. म्हणून अडकलेले दाणे काढायला हात घालायला निघाले. मी हातातलं सूप फेकून धावले आणि बटण बंद केलं.

त्या दिवसापासून बटण माझ्याकडे. हे दाणा चिमटीत चोळून सांगतात, सालं सुटायला आलीत की अजून ऊन हवंय. गिरणी मी चालवते. पट्टा सैल झाला की आवाजावरून कळतं मला. आम्ही खुणांनी बोलतो, भांडतोसुद्धा. यांचे दोन्ही हात कामात असले की मी जिंकते.

तू काळजीपोटीच ठरवलंस, हे काय मला कळत नाही? तुझ्याकडे आम्हाला काही कमी पडणार नाही. पण तिथे हे दिवसभर खुर्चीत बसून नुसती मान डोलावतील. इथे लोक मूठभर दाणे घेऊन यांच्याकडे येतात, यांच्या बोटांवर विसंबतात.

म्हणून त्या गृहस्थांना मी परत पाठवलं. नाही म्हणाले ती मी, यांनी नाही. तू त्यांना दिलेला शब्द माझ्यामुळे मोडला.

एकदा येऊन जा. यांच्याशी समोर बसून, सावकाश बोल. आणि रागवायचं असेल तर माझ्यावर रागव, हवं तेवढं मोठ्याने. मला सगळं ऐकू येतं.

तुझीच,
या खेपेला न ऐकणारी
धाकटी