विहीणबाईंना हळू बोला म्हटलं

बाबा,

आज दुपारी मी विहीणबाईंना, म्हणजे तुमच्या नातीच्या सासूला, जरा हळू बोला असं सांगितलं. तेही स्पॅनिशमध्ये. तुम्ही असता तर चष्मा काढून टेबलावर ठेवला असता आणि म्हणाला असतात, "मुलीकडच्यांनी असं बोलायचं नसतं." म्हणून तर तुम्हालाच सांगावंसं वाटतंय. दुसऱ्या कुणाला यात काही विशेष वाटणार नाही.

माझ्या लग्नाची बोलणी आठवतात? दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमधली ती बाहेरची खोली, शेजारून मागून आणलेल्या खुर्च्या, आणि माझ्या सासऱ्यांचे थोरले बंधू तोंडात पान ठेवून भराभर बोलताहेत. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून समोर बसला आहात आणि दर वाक्याला मान हलवताय, "हो हो, बरोबर, तुम्ही म्हणाल तसं." आई आत साबुदाणा वडे तळतेय. मध्येच तिनं झारा कढईवर इतक्या जोरात आपटला की मी दचकले. पाहुणे गेल्यावर तिनंच सांगितलं, की लग्न दिल्लीत नाही, त्यांच्याकडे इंदूरला करायला तुम्ही हो म्हणून बसला होतात. तुम्हाला त्यातलं अर्धं कळलंच नव्हतं. मी म्हटलं, "परत विचारायचं ना, बाबा!" तर माझ्यावरच डाफरलात. "मुलीकडच्यांनी परत परत विचारायचं नसतं. त्यांना वाटेल, आपण खोड काढतोय." आई म्हणाली, "मग आता चला इंदूरला." शेजारच्या पंजाबी काकू माझ्या लग्नात नाचायचं म्हणून केव्हाच्या तयारीत होत्या, त्या बिचाऱ्या राहिल्याच. मला तेव्हा तुमचा राग आला होता. पण संस्कार असे मुरतात, की रागावलेल्या माणसातही मुरतात.

तुमची नात आता स्पेनमध्ये नोकरी करते. नवराही तिकडचाच, गुणी मुलगा. तिला दिवस गेले आणि डॉक्टरांनी विमानप्रवास नको म्हणून सांगितलं. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, पण मुलगी येऊ शकत नाही म्हटल्यावर मी ठरवलं की माहेरच तिकडे न्यायचं. डिंक, खारीक, हळीव, सगळी यादी माझ्या डोक्यात तयार. विहीणबाईंशी चार शब्द बोलता यावेत म्हणून इथे दिल्लीतच मुनिरकाला खोली घेऊन राहणाऱ्या एका विद्यार्थिनीकडे स्पॅनिश शिकायलाही जाऊ लागले. त्या विहीणबाई दर रविवारी व्हिडिओ कॉल करतात. बाई प्रेमळ, पण बोलायला लागल्या की राजधानी एक्स्प्रेस, मधलं एकही स्टेशन घेत नाहीत. आणि मी? मुलाकडच्या त्या. नंदीबैलासारखी मान हलवायची आणि म्हणायचं, "सी, सी." म्हणजे हो, हो.

मग एक दिवस लेकीचा फोन आला. आवाज पडलेला. "आई, तुला यायचं नव्हतं तर मला सांगायचंस ना यार. सासूबाईंना का सांगितलंस? त्या म्हणतायत, तू हो म्हणालीस, बाळंतपण त्या करणार आणि तू बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर येणार." मी म्हटलं, अगं, मला काही कळलंच नाही, तूच सांग त्यांना. ती म्हणाली, "मी सांगितलं तर त्यांना वाटेल, मला त्या नकोयत. तूच बोल." तुम्ही एक लग्न देऊन टाकलंत, बाबा. मी लेकीचं पहिलं बाळंतपण देऊन बसले होते.

मुनिरकाच्या पोरीला विचारलं, हळू बोला म्हटलेलं त्यांना लागेल का गं? ती हसायलाच लागली. "आंटी, इसमें बुरा क्या मानना? पोलाइटली बोलिए, वो तो खुश होंगी." आणि तिनं वाक्य दिलं, "पोद्रिया आब्लार मास देस्पासियो, पोर फावोर?" आठवडाभर ऑफिसला जाता-येता मेट्रोत ते पुटपुटत होते. शेजारच्या बाईला वाटलं, मी स्तोत्र म्हणतेय. तिनं सरकून जागा दिली.

आज विहीणबाई स्क्रीनवर आल्या आणि गाडी सुटली. मी हात वर केला आणि ते वाक्य म्हटलं. त्या थांबल्या. मला वाटलं, संपलं, दुखावल्या. पण त्यांनी दोन्ही हात गालांवर ठेवले, हसल्या, खुर्ची पुढे ओढली आणि एकेक शब्द मटाराचे दाणे सोलून हातावर ठेवावेत तसा ठेवायला लागल्या. मीही मोडकंतोडकं सांगितलं, बाळ येईल तेव्हा मला माझ्या मुलीजवळ राहायचं आहे. त्यावर त्या जे म्हणाल्या ते सगळं, अगदी सगळं मला कळलं, बाबा. माझी नोकरी, एवढा लांबचा प्रवास, म्हणून मला अवघडल्यासारखं होऊ नये यासाठी त्यांनी आपणच सगळं अंगावर घेतलं होतं. आणि मनातून त्यांना धास्ती वाटत होती. मुलं मोठी होऊन जमाना झाला, तान्हं बाळ हातात घ्यायचं कसं, तेही आठवत नाही म्हणाल्या. "या. लवकर या." माझा जीव भांड्यात पडला. फोन ठेवला आणि दुपारचा वरणभात पुन्हा वाढून घेतला.

तुमचं शिकवणं मोडलं आणि मला जराही वाईट वाटत नाहीये. उलट वाटतंय, त्या दिवशी तुम्हीही "जरा हळू सांगता का?" एवढंच म्हटलं असतंत तर ते पानवाले काका पान थुंकून पुन्हा नीट बोलले असते. माणसं तेवढी वाईट नसतात. लेकीला लगेच कळवलं, ती फोनवर रडली आणि मग म्हणाली, येताना भरपूर मेतकूट आण.

हे पत्र काही तुम्हाला पोचायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. यांना मी सांगितलंय की विहीणबाईंनी फारच आग्रह केला, जावंच लागेल. थोडा मान आपल्याकडेही राहावा म्हणून. खरं ते तुम्हाला सांगते, मी मागितलं. आणि त्यांनी दिलं.